माफी मागायला जाणारी हिसाए

त्सुकिओकांच्या स्प्रिंगच्या कारखान्यात हिसाए कुवाबारा नावाला फोन आणि कागदपत्रं सांभाळायची, पण तिचं खरं काम वेगळंच. माल उशिरा पोचला, खोक्यावर भलतंच लेबल लागलं, ड्रायव्हरनं कुणाच्या फाटकाला गाडी घासली, की माफी मागायला हिसाए निघायची. मालक स्वतः गेले तर माफी मागता मागता भांडून यायचे, इतके तापट. मग हिसाए करडा कोट चढवायची, स्टेशनसमोरच्या दुकानातून योकानचा डबा घ्यायची, कारण लाल चवळीची ती गोड वडी हाताला जड लागते आणि हलकी मिठाई माफीला शोभत नाही. तक्रार करणाऱ्याकडे जाऊन त्याचा राग उतरेपर्यंत वाकून उभी राहायची. नवरा होता तेव्हा चिडवायचा, "त्या लोकांना तुझा चेहरा कुठला ठाऊक असणार! भांग बघून ओळखत असतील तुला."

ती हसायची. माफी मागितल्यानं आपण लहान होतो असं तिला कधी वाटलंच नाही.

कारखान्याचं जवळजवळ सगळं काम पंपाच्या एकाच मोठ्या कंपनीकडून यायचं. ते गेलं तर मशीनं बंद, असं मालकांनी सगळ्यांना तोंडावर सांगून ठेवलं होतं. परदेशातून स्वस्त स्प्रिंगा मागवाव्यात असं त्या कंपनीत वरच्या लोकांच्या मनात कधीपासून घोळत होतं. पण तिथं खरेदीला नागुमो नावाचा एक भला माणूस होता. दर मीटिंगला तो म्हणायचा, "त्सुकिओकांचा माल खात्रीचा आहे," आणि विषय पुढच्या वर्षावर ढकलायचा. कारखाना उभा होता तो या एका माणसाच्या जिवावर.

त्या उन्हाळ्यात विद्यापीठानं दिलोरोमला काम शिकायला पाठवलं. मुलगी फरगानाची, उझबेक, जपानी शिकणारी. बोलणं इतकं शुद्ध आणि अदबीचं की फोरमन मारुता म्हणायचा, "हिच्यासमोर मला माझंच जपानी खेडवळ वाटतं बुवा!" हिसाएला तर तिचा भारी लळा लागला. दुपारी डबा खाताना स्वतःच्या लोणच्यातला मुळा तिच्या भातावर ठेवायची, आणि ती पोरगी तोंड वाकडं करून का होईना, तो खायची.

आणि मग तो माल परत आला. स्प्रिंगा पंपात बसेनात. मालकांनी ड्रॉइंग काढून पाहिलं, तर नागुमोनं चुकून जुन्या मापाचं ड्रॉइंग पाठवलेलं. मालकांनी ते टेबलावर आपटलं. थोड्या वेळानं नागुमोचाच फोन आला. "कुवाबारा-सान, एकदा येऊन जाल का?" एवढंच. आवाज पार उतरलेला.

हिसाएला सगळं कळलं. त्याच्या साहेबांसमोर चूक आपण अंगावर घ्यायची. नागुमो वाचला की कारखाना वाचला. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं हे, कुणी शिकवावं लागत नाही. मालक म्हणाले, "पोरीलाही ने. शिकायलाच आलीये ना!"

गाडीत दिलोरोमनं विचारलं, "पण कुवाबारा-सान, माप तर त्यांच्याच ड्रॉइंगमध्ये चुकलंय. मी पाहिलंय."

"हं... ते आहे खरं. पण तिथं जरा..." हिसाएनं वाक्य अर्धंच सोडलं आणि समोर रस्त्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मी वाकले की तू वाक हं."

तिच्या लेखी सगळं सांगून झालं होतं. कपाळ सांगून झालं होतं! पण तिलाही आयुष्यात कुणी याहून जास्त सांगितलं नव्हतं.

तिथं विभागाचे मोठे साहेब बसले होते आणि शेजारी नागुमो, मान खाली घालून. साहेबांनी विचारलं, "हे झालं कसं?" हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारत नाहीत. हिसाए कमरेत वाकली. "आमचं लक्ष कमी पडलं. सबब सांगण्यासारखं काही नाही."

दिलोरोमही वाकली. पण शेजारी आईच्या वयाची बाई दुसऱ्याच्या चुकीसाठी वाकून उभी आहे आणि ज्याची चूक तो मुकाट बसून आहे, हे काही तिच्यानं बघवेना. तिच्या घरी असं बघत राहणाऱ्या लेकीचं कुणी तोंड पाहिलं नसतं. ती ताठ उभी राहिली आणि अगदी निर्दोष जपानीत म्हणाली, "क्षमा असावी. कुवाबारा-सान यांची चूक नाही. आपल्याकडून आलेल्या ड्रॉइंगमध्येच जुनं माप होतं."

हिसाए वाकलेली होती ती वाकलेलीच राहिली.

"असं आहे का?" साहेबांनी नागुमोकडे पाहिलं.

"तपासून पाहतो," नागुमो म्हणाला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता.

"छान जपानी बोलता हो तुम्ही," साहेब दिलोरोमला हसून म्हणाले, आणि परक्या पाहुण्यांना सोडावं तसे दारापर्यंत आले.

परतताना दिलोरोम म्हणाली, "मी बोलायला नको होतं का?"

असा संताप आला हिसाएला! वाटलं, गाडी कडेला घ्यावी आणि ओरडावं, 'अगं बयो, काय करून बसलीस!' पण पोरगी काळजीनं तिच्याकडे बघत होती. बोलली होती तीही आपल्यासाठीच. आजवर हिसाएसाठी असं कोण बोललं होतं? नवराही नाही. "नाही गं," ती म्हणाली, "बरं वाटलं मला." आणि तिला रडू फुटलं. दिलोरोमनं आनंदानं तिचा खांदा दाबला.

पुढे कुणी आवाज चढवला नाही की तक्रार केली नाही. दिलोरोमची मुदत संपली, तिला केक कापून निरोप दिला. पानगळीत नागुमोची बदली झाली, दूर क्युशूतल्या गोदामावर. हिसाएनं फोन केला तर म्हणाला, "तुमचं काही चुकलं नाही, कुवाबारा-सान." त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग कामं कमी होत गेली, आणि वर्ष संपता संपता यायचीच थांबली. मालकांनी सगळ्यांना बोलावून मशीनं बंद केली. मारुता डोळे पुसत म्हणाला, "त्या पोरीला सांगायला हवं. उद्या दुसरीकडे हेच करून बसेल."

"मी सांगते," हिसाए म्हणाली. "समोर बसून सांगते."

बर्फ वितळत असताना विद्यापीठाचं आमंत्रण आलं. कामावर जाऊन आलेली मुलं आपले अनुभव सांगणार होती. मनाशी वाक्यं घोकत हिसाए गेली. दिलोरोम मंचावरून सांगत होती, "मला सगळ्यांनी बजावलं होतं, जपानमध्ये गप्प राहावं. पण मी खरं बोलले, आणि कुवाबारा-सान आनंदानं रडल्या. माणसं सगळीकडे सारखीच असतात." टाळ्यांचा कडकडाट झाला. हिसाएनंही टाळ्या वाजवल्या. न वाजवून करते काय!

बाहेर दिलोरोम धावत आली आणि तिच्या गळ्यातच पडली.

"दिलोरोम, तुला एक सांगायचं होतं..."

"आधी माझं ऐका! मला नोकरी लागली. मुलाखतीत हीच गोष्ट सांगितली मी, त्यांना फार आवडली. आणि पुढच्या वर्षी माझी धाकटी बहीण येतेय. मी सरांना सांगून टाकलंय, हिला कुवाबारा-सानकडेच पाठवा. चालेल ना? त्सुकिओका-सान हो म्हणतील ना?"

हिसाएनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. घोकलेली वाक्यं तिनं गिळून टाकली.

"येऊ दे की," ती म्हणाली. "फक्त जाड स्वेटर आण म्हणावं. आमच्या शेडमध्ये थंडी फार असते."