गयाबाईची पहिली जुडी

चामटोलीची गयाबाई म्हणजे तोंडाची तोफ. वीस वर्षं बदलापूर स्टेशनाबाहेर मांडी घालून तिनं भाजी विकली, आणि ब्याण्णव साली त्याच मांडीनं दगा दिला. डावा पाय भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आतल्या शिरेत रक्ताची गुठळी झालीय. सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतेल."

आठ दिवस शिरेतून हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, दिलं. मग रक्त पातळ करायची गोळी आली, अन् दर आठवड्याला रक्ताची तपासणी. गोळी मोठी लहरी. कमी पडली तर पुन्हा गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. गयाबाईचा रिपोर्ट काही केल्या जागेवर येईना. डोस वाढवला, तर हिरड्यांतून रक्त! "असंच चाललं तर परत अ‍ॅडमिट," डॉक्टरीणबाईंनी दम भरला. गयाबाई वरून हसली, पण आतून पार हबकली होती.

तपासणीच्या बाकावर श्यामकांत भेटायचे, अंबरनाथच्या कारखान्यातले रिटायर साहेब. दुखणं तेच, गोळी तीच, रिपोर्ट मात्र शहाण्या पोरासारखा.

"साहेब, माजी गोळी उल्हासनगरची डुप्लिकेट हाय," गयाबाईनं जाहीर केलं. "आठवडाभर बदलून बघू."

साहेबांचा जन्म माल तपासण्यात गेलेला. त्यांना हुरूपच आला. चष्मा लावून दोन्ही पाकिटांवरची ताकद एकच असल्याची खात्री केली, अन् झाली अदलाबदल. आठवड्यानं साहेबांचा रिपोर्ट तसाच सरळ, गयाबाईचा पुन्हा वाकडा. गोळी बिचारी निर्दोष!

"मग जेवता काय हो तुम्ही?" साहेबांनी विचारलं. "माझं रोजचं ठरलेलं, वरणभात आणि दुधी."

"माजं कसलं ठरलेलं? उरंल ते. धंदा बसला की मेथी, पालक, माठ, पातेलंभर. फेकायचं का? धंदा झाला की चटणी-भाकर."

बाकाजवळून जाणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "अहो, पालेभाजी या गोळीचा जोर कमी करते! बंद करू नका, पण रोज सारखीच खा. एक जुडी. कमी नाही, जास्त नाही."

महिन्याभरात रिपोर्ट ताळ्यावर आला. आता गयाबाई स्टुलावर बसते. टोपली उतरली की सर्वांआधी एक जुडी निवडून मांडीवर घेते. जन्मभर लोकांनी नाकारलेलं, सुकलेलं खाल्लेली बाई ती.

परवा एक गिऱ्हाईक त्याच जुडीसाठी हटून बसलं. "मावशी, सगळ्यात ताजी तर तीच आहे!"

"म्हणूनच," गयाबाई म्हणाली, आणि जुडी पदराखाली घेतली.