समितीच्या बैठकीतला चहा

चहात फुदिना पडला की मला पालिकेचं ते सभागृह आठवतं. उधन्यातली आमची चाळ पाडून रस्ता काढायचा का, हे समिती ठरवणार होती आणि चाळीतर्फे आई बोलणार होती. अध्यक्ष नुसते विषयांचे क्रमांक वाचत होते, सदस्य माना डोलवत होते. मागच्या बाकांवर आम्हालाही चहा आला. आमच्या गावाकडे, खानदेशात, नकार द्यायचा असेल तर चहा विचारत नाहीत, म्हणून आईचा चेहरा उजळला. कप रिकामा करून तिने गुजराती शिपायाला विचारलं, "आमची बारी कधी?" "तुमचं तर मघाशीच झालं, बेन. रस्ता मंजूर." चाळ पडल्यावर आम्ही कामरेजला राहायला आलो. आता इथे आमच्याकडे कुणी काही मागायला आलं, की आई आधी हो-नाही सांगते, मगच चहा ठेवते.