जठे ताण, तठे आसारी

नवा इंजिनीअर साइटवर आला की लोखंड बांधणारे नाना त्याच्या हातात वीतभर लोखंडी सळई ठेवायचे आणि विचारायचे, "हाई काय शे?"

मी म्हणालो, "सळई." पुस्तकात मी तिला प्रबलन म्हणून शिकलो होतो. धुळ्याचा दुकानदार सरिया म्हणायचा.

"आसारी," नाना म्हणाले. "सिमेंट दाबले भ्यात नही, ताणले भ्यास. जठे ताण, तठे आसारी." म्हणजे सिमेंट दाब सोसतं, पण ताणाला घाबरतं; जिथे ताण, तिथे सळई हवी.

बांधकामावर अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. उकिडवं बसून, तारेचे वेढे मारत पुढे सरकणारी. आपण त्यांना ओलांडून जातो.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका शाळेचं काम होतं. वरच्या मजल्याची गॅलरी खांबाशिवाय बाहेर काढलेली. सकाळी मी सगळी आसारी मोजून पास केली आणि काँक्रीटचा माल ओतायला मिक्सर सुरू झाला. दुसऱ्या टोकाचं काम आटोपून नाना आले, वाकून पाहिलं आणि थेट बांधलेल्या आसारीवर जाऊन बसले.

"माल थांबाडा."

ठेकेदार चिडला. मी म्हणालो, "नाना, मोजलंय मी. एकही कमी नाही."

"कमी नहीत, साहेब. सकायले वर व्हत्यात. मजुरना पायखाल खाले गयात."

त्यांनी मला हात आडवा धरायला लावला आणि पंजावर वीट ठेवली. "कोठे ताण पडस?"

खांद्याच्या वरच्या बाजूला. गॅलरीही तशीच, भिंतीतून बाहेर काढलेल्या हातासारखी; तिचा ताणही वरच्याच अंगाला. आसारी तळाला राहिली असती तर खालचे टेकू काढताच गॅलरी खाली आली असती.

मिक्सर मी बंद केला. ओतलेला माल काढून टाकला. नाना दुपारभर उन्हात एकेक आसारी उचलून खाली आधार बांधत राहिले. मी पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तेव्हा मान वर न करता म्हणाले, "एक छज्जा मीच बांधेल व्हता. पडना. खाले कोनी नव्हतं, म्हनीसन आज तुमनासंगे बोली ऱ्हायनू."

नाना मागच्या वर्षी गेले.

यंदा सव्वीस जानेवारीला त्या शाळेत गेलो होतो. कवायत पाहायला उरलेली अख्खी शाळा गॅलरीत दाटली होती, मुलं कठड्यावर ओणवी झाली होती. मैदानात खुर्च्या मांडलेल्या होत्या. मी गॅलरीखाली जाऊन उभा राहिलो आणि कार्यक्रम संपेपर्यंत तिथून हललो नाही.