दुधाची काळी मेंढी

साखरशेतला आमच्या घरी गायी होत्या, पण त्यांचं दूध कुणी काढत नसे. गाईचं दूध वासराचं, विषय संपला. जव्हारहून सून म्हणून आलेल्या मला आधी त्याची गंमत वाटे. जव्हार संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मला मुलगी झाली. पाठोपाठ ताप आला आणि अंगावरचं दूध आटलं. नाचणीची पातळ पेज पाजली की पोरगी ओकून टाकायची. तेव्हा गंमत संपली.

सासूला म्हटलं, गाईची धार काढू. ती म्हणाली, "वासराच्या तोंडचा आपले नाय काढाचा." मी तिच्यावर भयंकर चिडले. नात डोळ्यांदेखत सुकत चालली होती आणि बाई हटायला तयार नव्हती. रडत तीही होती, हे खरं.

भाताच्या रिकाम्या खाचरांत खतासाठी मेंढ्या बसवायला घाटावरचे धनगर उतरले होते. त्यांच्यातली एक बाई आमच्या दारात पाणी मागायला आली. मुलीचं रडणं ऐकून तशीच परत गेली आणि एक काळी, लांब कानांची मेंढी घेऊन आली. म्हणाली, "ही दुधाची जात. माझ्या बापाकडची. आता कळपात ही एकलीच उरली. हिचं कोकरू काल मेलं. दूध कुणाच्या वाट्याचं न्हाई."

मी सासूकडे पाहिलं. ती आत गेली आणि वाटी घेऊन आली.

मेंढीही काही कमी हट्टी नव्हती. मुलीची टाळू हुंगल्याशिवाय पान्हा सोडत नसे. रोज मुलीला तिच्या तोंडाशी न्यायचं, तिचं हुंगून झालं की मग धार. दूध दाट, पाणी घालून उकळावं लागे. हळूहळू पोरीने बाळसं धरलं.

पाऊस जवळ आला तसे धनगर घाट चढायला निघाले. आमच्या पावसात मेंढी टिकत नाही, हे त्या बाईला पक्कं ठाऊक होतं. तिने मेंढी आमच्या गोठ्यातल्या खुंट्यावरून सोडली, पुन्हा बांधली, आणि मागे न बघता निघून गेली.

पावसात मेंढीचे खूर कुजले. सासूने तिला चुलीजवळ बांधलं, खुरांना राख चोळली. तरी श्रावणात ती मेली. ते दिवस घरोघरी कणग्या रिकाम्या असण्याचे. शेजारी कोयता घेऊनच आले. सासू आडवी आली. "पोर पेली तिचा दूध. कापाची नाय." मेंढी आम्ही बांधाशी पुरली आणि रानातले कंद उकडून खाल्ले.

दिवाळीनंतर ती धनगर बाई परत आली. आधी गोठ्यात डोकावली. खुंटा रिकामा होता. मुलगी खांबाला धरून उभी होती. बाईने तिला उचललं आणि तिची टाळू हुंगली. "मोठी झाली की गं," म्हणाली, आणि दारातच बसून मेंढीसाठी रडली. सासू तिच्याजवळ जाऊन बसली.