वंदनाची खोटी लाईट

माझी बहीण वंदना चार माणसांत बसवण्यासारखी बाई नाही. खामगावात आमच्या घरी ती लॅपटॉप उघडून बसायची आणि पुण्याच्या एका कंपनीसाठी दिवसभर खोटं बोलायची. पगार त्याचाच होता.

कंपनी दवाखान्यांसाठी पंप बनवते, पेशंटच्या शिरेत थेंब थेंब औषध सोडणारा. लाईट गेली की त्याने बॅटरीवर जायचं आणि बॅटरी संपत आली की बोंबलायचं. हे तपासायला हजार वेळा प्लग कोण उपटणार? म्हणून वंदना पंपाच्या सॉफ्टवेअरला खोट्या खबरी द्यायची. लाईट गेली, लाईट आली, बॅटरी दोन टक्के उरली. मग ते कसं वागतं ते लिहून ठेवायची.

खबरींची यादी पुण्याहून यायची. त्या यादीतली लाईट फार गुणी. जायची ती सरळ जायची, यायची ती येऊन राहायची. आमच्याकडे लाईट आली तरी फ्रिजच्या बटणाला कोणी हात लावत नाही. आमची माय कौशल्याबाई आतूनच ओरडते, "थांब बे, ठरू दे तिले." कारण ती येते, डोळा मारते आणि पुन्हा जाते.

वंदनाने ही खबर स्वतःहून यादीत घातली. गेली, आली, लगेच गेली. सॉफ्टवेअरने 'आली' ऐकलं आणि शेवटचं 'गेली' सोडून दिलं. मग बॅटरी संपत आल्याचं सांगितलं, तरी आपण लाईटवरच आहोत या तोऱ्यात ते गप्प. अलार्म वाजलाच नाही. वंदनाने कंपनीत तशी तक्रार नोंदवली.

तिचा साहेब चिन्मय. इतकं गोड बोलणारा माणूस मला पहिल्यापासून डोळ्यासमोर नको होता. त्याने तक्रार बंद केली आणि कारण लिहिलं, 'प्रत्यक्षात घडत नाही.' वंदनाने ती परत उघडली, त्याने पुन्हा बंद केली. असं चार वेळा झालं. शेवटी व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसमोर म्हणाला, "वंदना, तुमच्या गावची लाईट खराब आहे, आपलं सॉफ्टवेअर नाही."

सगळे हसले. एरवी कॉलवर जपून बोलणारी वंदना म्हणाली, "मंग पंप काय पुण्यातच इकता का सर तुम्ही?"

तपासणी पूर्ण झाल्याच्या कागदावर तिची सही हवी होती. तिने केली नाही. महिन्याभरात तिला काढलं.

"एक सही केली असती तं काय हात झडले असते तुहे?" माय म्हणाली. मीही मायचीच री ओढली, त्याची आता लाज वाटते. पंधरा दिवस वंदना आमच्याशी बोलली नाही, नुसती भांडी आदळत राहिली.

परवा आम्ही जेवत असताना तिच्या जागी आलेल्या करिष्माचा फोन आला. हात खरकटे, म्हणून वंदनाने तो स्पीकरवर टाकला.

"ताई, सरांनी तुमची ती लाईट जाऊन-येऊन जाण्याची टेस्ट काढायला सांगितलीय. काढू ना?"

"समोर खरा पंप आहे? एकदा त्याच्यावर चालव, मग काढ."

बटणं दाबल्याचा आवाज आला. घास हातात धरून आम्ही अलार्मची वाट पाहिली.

"ताई, बॅटरी दोन टक्के सांगितली. वाजत नाहीये."

"नाहीच वाजत."

"माझी नोकरी नवीन आहे हो," करिष्मा म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी तिचा मेसेज आला, 'सॉरी ताई, केली सही.' वंदनाने तो आम्हाला वाचून दाखवला. मग सगळे पुरावे जोडून सरकारकडे तक्रार पाठवली. तिची पोच आली आहे, उत्तर नाही.

"हा पंप कुठं लावतात वो?" मायने विचारलं.

"दवाखान्यात. उद्या तुले ठेवलं तं तुले लावतीन," वंदना म्हणाली. "मी राहीन तुह्यापाशी बसून. लाईट आली तरी उठणार नाही."

त्यानंतर मायने सहीचं नाव काढलेलं नाही.