बॉटलब्रशवरची कुऱ्हाड थांबली!

दोस्तहो, आज आमचं अंगणातलं बॉटलब्रशचं झाड थोडक्यात वाचलं!

वाशिमच्या उन्हात झाड मस्त वाढलं, पण लावल्यापासून एक फूल देईना. शेवटी बायकोनं निकाल दिला, "कायले पोसून राह्यले त्याले? कढीपत्ता लावू तिथं." सकाळी शेजारचे गजाननभाऊ कुऱ्हाड घेऊन आले.

त्यांनी हात उचलला आणि मला पाण्याच्या टाकीमागून गुणगुण ऐकू आली. "थांबा भाऊ!" म्हणत मी मागे धावलो. झाडाच्या भिंतीकडच्या एकाच फांदीवर बाटली धुवायच्या ब्रशसारखी लालभडक फुलं आली होती आणि मधमाश्या त्यांच्यावर तुटून पडल्या होत्या!

तीच फांदी का? टाकीच्या आड तिथवर कैची पोचत नाही. बाकी झाड दर दिवाळीच्या साफसफाईत गजाननभाऊ छाटून देतात, आणि याच्या कळ्या येतात फांद्यांच्या शेंड्यांवर!

"म्हंजे फुलं तुमीच कापून राह्यले होते, भाऊ!" बायको म्हणाली.

"वा वैनी! 'लाडवासारखं गोल करा' कोन म्हनत होतं?"

ती खळखळून हसली आणि भाऊंच्या हातची कुऱ्हाड तिनंच काढून घेतली. आता छाटणी फुलं गळल्यावरच, तीही हलकी.

तुमच्या अंगणातही न फुलणारं झाड असेल, तर सांगा बरं, त्याच्यावर कैची केव्हा चालते?