अर्धा गाल घरच्या बियाण्याचा

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती नमूद करतो. भावनांचा विचार नंतर होईल. पोळ्याची कर : नांदेड येथील एका त्वचारोगतज्ज्ञांनी सत्तरी ओलांडलेल्या एका गृहस्थाचा केवळ डावा गाल उपचारासाठी स्वीकारला. महालक्ष्म्या उठल्याचा दुसरा दिवस : लातूर येथील एका डॉक्टरबाईंनी त्याच गृहस्थाचा केवळ उजवा गाल स्वीकारला आणि डाव्याबद्दल विचारले असता मिळालेल्या "तिकडं दुसरं चालू हाय" या उत्तरावर समाधान मानले. वेळ अमावस्या : त्याच गृहस्थांनी उपरोक्त दोन्ही गालांचा निकाल स्वतःजवळ दडवून ठेवला, तो आजतागायत. जबाबदार व्यक्ती अनुक्रमे नांदेडचे डॉक्टर, लातूरच्या डॉक्टरबाई आणि सदर गृहस्थ, म्हणजे माझे थोरले साडू. चौथी एक व्यक्ती त्यांना उतरवून घ्यायला नांदेडच्या बसस्थानकावर गेली होती आणि तिने संमतिपत्रावर साक्षीदार म्हणून सहीही केली. त्या व्यक्तीविषयी प्रस्तुत लेखक तूर्त काही बोलू इच्छित नाही.

माझ्या थोरल्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकही गोष्ट सबंध केलेली नाही. जे केले ते निम्मे-निम्मे केले. ते कृषी खात्यात होते आणि त्यांची सारी नोकरी शेतकऱ्यांच्या बांधावर प्रात्यक्षिके घेण्यात गेली. अर्ध्या वावरात एक बियाणे, अर्ध्यात दुसरे, मधल्या दोन ओळी तुलनेसाठी मोकळ्या, आणि टोकाला पाटी. खात्याने त्यांना नियत वयात निवृत्त केले, परंतु पाटी काढून घ्यायचे खाते विसरले. तेव्हापासून अहमदपुरातल्या त्यांच्या घरी दातांची डावी बाजू एका मंजनाने व उजवी दुसऱ्या मंजनाने घासली जाते. त्यांच्या दोन पायांत दोन दुकानांच्या चपला असतात आणि कोणती आधी झिजते याची नोंद वहीत होते. आमच्या धाकट्या मुलीच्या लग्नात ते पंगतीत दोन आचाऱ्यांचे बुंदीचे लाडू पानात घेऊन बसले. दुसऱ्या आचाऱ्याला आम्ही बोलावलेलेच नव्हते. तो लाडू ते शेजारच्या मंगल कार्यालयातून घेऊन आले होते. एकदा एसटीच्या वेळापत्रकाविषयीची माझी तक्रार त्यांनी माझ्या अपरोक्ष एक प्रत रजिस्टरने आणि एक साध्या टपालाने अशी पाठवली. वर्षभराने मला त्यांचे पोस्टकार्ड आले : "दोन्ही प्लॉट नापीक."

मी न्यायालयाच्या कचेरीत छत्तीस वर्षे लिपिक होतो. मला निकाल एकच लागतो. एका प्रकरणात वादीही जिंकला आणि प्रतिवादीही जिंकला, असे मी पाहिलेले नाही. म्हणून आमचे साडूपण टिकले असले तरी एकमत कधी झाले नाही. ते मला "वकीलसाहेब" म्हणतात. मी वकील नाही हे त्यांना चांगले ठाऊक आहे.

आता मुख्य मुद्दा. त्यांची पत्नी, म्हणजे माझ्या सौ.ची थोरली बहीण आक्का, गेली तीन वर्षे हळूहळू विसरत चालली आहे. आधी डाळीत मीठ विसरली, मग गल्लीचा रस्ता विसरली, मग मागची चाळीसएक वर्षे विसरली. हे दुखणे घरोघरी असेल. परंतु या घरात त्याने जे वळण घेतले ते कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. साडू म्हातारे झाले ते हुबेहूब आपल्या वडिलांसारखे. तेच लोंबते गाल, नाकापासून हनुवटीपर्यंत नांगराच्या तासासारख्या त्याच दोन घड्या. आक्काच्या मनात तिचा नवरा तिशीतला आहे आणि वावरात गेला आहे. समोर खाटेवर जे बसलेले असतात ते सासरे. ती शिरूर अनंतपाळच्या जुन्या वळणाची सून. सासऱ्यांसमोर ती पदर पुढे ओढते, खाली बघते, बोलत नाही. त्यांच्या हातून गोळी घेत नाही. ते जेवल्याशिवाय जेवत नाही. आम्ही भेटायला गेलो तेव्हा तिने सौ.ला दाराआड ओढले आणि कुजबुजली, "हळू बोल गं, मामंजी बसलेत भाईर." साडूंनी पुढे होऊन सांगितले, "अगं, मीच हाय की!" तेव्हा ती सौ.च्या कानाशी लागून म्हणाली, "बघितलंस? मामंजींना भ्रम झालाय. कुणाला सांगू नको."

साडू हसले. मीही हसलो. मग ते अंगणात जाऊन बराच वेळ तुळशीला पाणी घालत राहिले. अर्धे तांब्याने, अर्धे झारीने.

पुढच्या खेपेला ते नांदेडला आले ते थेट प्रस्ताव घेऊन. चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, तिचं दुखणं जाणार न्हाई, मला ठावं हाय. डॉक्टरनं सांगितलंय. पण माझ्या बापाचं थोबाड माझ्या तोंडावरून काढता येतंय का न्हाई, तेवढं बघू. एकदा तोंड वर करून बघितलं पायजे तिनं माझ्याकडं. बास."

सौ. आतून म्हणाली, "ह्या वयात गालाला सुया टोचून घेणार? लोक काय म्हनतील भावजी?"

"लोक उजवीकडून येगळं म्हनतील, डावीकडून येगळं," साडू म्हणाले. "दोन्ही लिहून घेतो."

नांदेडच्या डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगितले की, एका पद्धतीत रुग्णाचेच रक्त काढतात, यंत्रात गरगर फिरवतात, त्यातला बिंबाणूंनी समृद्ध असा पिवळसर भाग वेगळा होतो आणि तोच चेहऱ्यात टोचतात. महिन्याच्या अंतराने तीनदा यावे लागते. कातडीचा पोत हळूहळू सुधारतो, पण खोल घडी भरून निघेल अशी आशा धरू नये. दुसऱ्या पद्धतीत हायल्युरोनिक आम्लाची तयार जेल घडीखाली भरतात. फरक त्याच दिवशी दिसतो, मात्र काही महिन्यांनी, फार तर वर्ष-दीड वर्षाने, ती जेल विरून जाते. आणि पसंत पडली नाही तर औषध टोचून आधीही विरवता येते. साडूंनी सगळे एकाग्रतेने ऐकले आणि मान हलवली.

"म्हंजे पहिलं घरचं बियाणं. उगवायला येळ लावतंय, पण आपलं हाय. दुसरं विकतचं संकरित. तरारून येतंय, पण दर साली नवं आणा."

डॉक्टरांनी डोळे मिचकावले. "काका, इतकं सोपं मी विद्यार्थ्यांनाही सांगू शकलो नाही. मग काय करायचं ठरलं?"

"डावा गाल घरच्या बियाण्याचा. उजवा लातूरला करतो. कपाळ तसंच ठिवायचं, तुलनेला."

"काका, चेहरा म्हणजे सोयाबीनचं वावर नाही!"

"न्हाई कसं? तास बगा की केवढे पडलेत."

मी या ठिकाणी हस्तक्षेप केला. संमतिपत्र मागून घेतले व पाऊण तास वाचले. 'समाधानकारक परिणाम' या शब्दांची व्याख्या कोठेही नव्हती, आणि समाधान कोणाचे, रुग्णाचे की त्याच्या पत्नीचे, याबाबत दस्तऐवज पूर्णतः मूक होता. मी तीन हरकती लेखी नोंदवल्या. डॉक्टरांनी विचारले, "आजोबा, तुम्ही वकील आहात का?" मी उत्तर देण्याआधी साडू म्हणाले, "न्हाईत ओ. वकील असते तर आतापतूर गप बसले असते." मग त्यांनी डॉक्टरांना बाजूला नेऊन दोन मिनिटे काहीतरी सांगितले. काय सांगितले असेल ते मी जाणतो, कारण परत आले तेव्हा डॉक्टर वाद घालत नव्हते. फक्त त्यांनी सांगितले, "अर्धाच करतो, पण जमेल तितकंच होईल." मी सही केली. हे वर सूचित केलेच आहे.

लातूरच्या डॉक्टरबाईंनी उजव्या गालाची घडी त्याच दिवशी भरून टाकली. त्यानंतरचे दोन-अडीच महिने अहमदपूरने जे पाहिले त्याची जबाबदारी कोण घेणार? रस्त्याच्या एका कडेने जाणाऱ्यास साडू पंचावन्नचे भासत, तर दुसऱ्या कडेने येणाऱ्यास त्यांचे दिवंगत वडील. किराणा दुकानदार उजवीकडून "या सर" म्हणे, आणि ते वळले की "बसा आबा" म्हणून स्टूल सरकवी. घरात मात्र प्रात्यक्षिक काटेकोर चालले होते. सकाळी ते खाटेवर उजवा गाल आक्काकडे करून बसत, सायंकाळी डावा; आणि तिचा पदर कपाळावरून किती बोटे खाली येतो ते वहीत नोंदवत. ती वही मी पाहिली आहे. "सकाळ, उजवा : चार बोटं. संध्याकाळ, डावा : पाच बोटं. ढगाळ हवामान." दसऱ्याला उजवा तीन बोटांवर आला, तेव्हा त्यांनी मला फोन करून कळवले. दिवाळीत, तिसऱ्या खेपेनंतर, डावाही साडेतीनवर आला. नांदेड आणि लातूर यांची चुरस आम्हां लोकांना नवी नाही, परंतु ती एका बाईच्या पदरावर मोजली जाईल असे मला वाटले नव्हते. मी नांदेडचा रहिवासी असूनही निःपक्ष राहिलो. डावा गाल साडेतीनवर आला त्या दिवशी मी पेढे आणले, हा निव्वळ योगायोग होता.

त्याच आठवड्यात मी उभय दवाखान्यांना पत्रे धाडली : "सदर दोन पद्धतींपैकी श्रेष्ठ कोणती, याचे एका शब्दात उत्तर द्यावे." नांदेडचे डॉक्टर रस्त्यात भेटले तेव्हा हसून म्हणाले, "आजोबा, दोघींचं कामच वेगळं. एक कातडी सुधारते, एक खड्डा भरते." लातूरच्या बाईंनी फोनवर शब्दशः हेच सांगितले. दोन जिल्ह्यांचे एकमत होण्याची ही बहुधा पहिलीच वेळ, आणि तेही मला उत्तर न देण्याबाबत!

मग वेळ अमावस्या आली. त्या दिवशी लातूरकडे गावात माणूस उरत नाही. सारे कुटुंब वावरात जाते, कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेल्या कोपीत पूजा होते आणि ताकात ज्वारीचे पीठ कालवून केलेली आंबट आंबील घरधनी बिंदगीतून, म्हणजे लहान घागरीतून, वावरभर शिंपडतो. आम्ही शिरूर अनंतपाळच्या त्यांच्या रानात गेलो. आक्का कोपीत बसली होती, पदर तीन बोटे. मी आणि सौ. कोपीच्या पाठीमागे भज्जीचे, म्हणजे शेंगा-पालेभाज्यांच्या कालवणाचे, पातेले उतरवत होतो. कडब्याच्या फटीतून आवाज येत होता, दिसत मात्र काही नव्हते.

साडू दोन गिलास घेऊन आत शिरले. "ही एका बिंदगीतली, ही दुसऱ्या. एक काल लावली, एक परवा. सांग, कोणती बरी?"

पहिला घोट. मग दुसरा. आणि मग जो आवाज आला तो आम्ही तीन वर्षांत ऐकला नव्हता.

"आता गं बाई! देवाच्या आंबिलीचीबी परीक्षा! कवा सुधरणार ओ तुम्ही? ठिवा ते गिलास खाली, मामंजी बघतील की!"

सौ.च्या हातातली पळी तशीच राहिली.

"आन् कवापासून वावरात हाव? जेवायचं कळंना? हिकडं बगा जरा." बांगड्या वाजल्या. मग, "तोंडाला काय झालंय तुमच्या? ह्या बाजूनं बरं दिसताव. त्या बाजूला गांधीलमाशी चावली काय?"

मी कोपीला वळसा घालून पुढे पोचलो तेव्हा तिचा पदर खांद्यावर होता आणि साडू दोन्ही हातांत दोन गिलास धरून उभे होते. तिचा बोट दाखवणारा हात खाली आलेला होता. ती मला ओळखून म्हणाली, "या दाजी. ह्यांला काय तरी सांगा, तुमचं ऐकतेत." हे विधान वस्तुस्थितीस धरून नाही, तरी मी त्यावर हरकत घेतली नाही.

संध्याकाळी जीप गावात शिरेपर्यंत पदर पुन्हा खाली आला होता. त्यानंतर तो आणखी दोनदा मागे सरकल्याचे मला कळले आहे. दोन्ही वेळा साडूंच्या हातात कशाचे तरी दोन नमुने होते. उजव्या गालातली जेल आता विरत आली आहे. ती पुन्हा भरणार नाही, असे त्यांनी परवा सांगितले. "तिनं मला तोंडावरून वळखलंच न्हाई, वकीलसाहेब. माझ्या येडेपणावरून वळखलं." वही त्यांनी माळ्यावर टाकली आहे. मी ती उतरवून पाहिली. वेळ अमावस्येच्या पानावर तारीख आहे, हवामान आहे, "आंबील : परवाची बरी" असे आहे. गालांच्या रकान्यात काहीही नाही.

मी विचारले. एकदा नव्हे, चारदा; शेवटी लेखी विचारले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वावरातले निकाल चावडीवर वाचून दाखवणारा हा माणूस मला म्हणतो, "ते आमच्या दोघांतलं हाय." हे उत्तर कोणत्याही नियमात बसत नाही. डॉक्टर बोलत नाहीत, आक्काला विचारण्यात अर्थ नाही, आणि कडब्याला साक्षीस बोलावता येत नाही. सबब या लेखाद्वारे मी माझ्या थोरल्या साडूंना जाहीर आवाहन करतो की, त्या दुपारी कोपीत ती ज्या बाजूकडे बोट दाखवून "बरं दिसताव" म्हणाली, ती बाजू डावी की उजवी, याचा खुलासा त्यांनी सर्वांसमक्ष करावा. आठवत नाही, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. त्या घरात ते एकाला तरी आठवलेच पाहिजे.